चार रंगांचे बोर्ड

माझे यजमान कुवेतहून कायमचे परत आले तेव्हा बॅगेत अत्तर नव्हतं की चॉकलेट. भाजी चिरायचे चार प्लास्टिकचे बोर्ड होते. लाल मटणाचा, निळा मासळीचा, पिवळा कोंबडीचा, हिरवा भाजीचा. घरात खाणारी तोंडं दोन आणि बोर्ड चार! चौलच्या या घरात वीस वर्षं मी विळीवर भागवलं. मासळीला मागच्या दारी चिंचेचा ओंडका होता. कुणाचं पोट बिघडलं नाही.

"हॉटेलात मॅनेजर होतात, ते तिथं. माझ्या ओट्यावर मॅनेजरी नको," मी सुनावलं. ते नुसते हसले आणि बोर्डाखाली ओला फडका पसरू लागले.

"आता याला गादीपण लागते?"

"सरकत नाही त्यानं."

महिन्याभरात हळदीनं हिरवा बोर्ड पिवळा पडला आणि मसाल्यानं पिवळा लाल झाला. एवढी त्यांची शिस्त, माझ्या मसाल्यापुढे टिकली नाही. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बोर्ड दाखवून हसायची.

मग नणंदेच्या मुलाची मंगनी ठरली. बिर्याणी आमच्याकडे, दहा किलो कांदा. हे म्हणाले, "मी चिरतो."

"साहेबांनी डोळे सांभाळावेत," मी टोमणा मारला.

त्यांनी सुरी हातात घेतली. कांद्याकडे न बघता, माझ्याशी बोलत बोलत ते चिरत होते. सुरी एका लयीत चालत होती, काप कागदासारखे पातळ पडत होते. मी जवळ गेले. उजव्या हाताच्या तर्जनीच्या बुडाशी, सुरी टेकते तिथं, काळा टणक घट्टा होता. दर सुट्टीत महिनाभर घरी असलेल्या माणसाचा हात मी कधी नीट पाहिलाच नव्हता. मॅनेजरी करून असा घट्टा पडत नाही. हे वीस वर्षं तिथं हॉटेलात कांदे चिरत होते.

माझी नजर त्यांना कळली. त्यांनी बोट मुठीत घेतलं.

मला राग आला, खोटं बोलले म्हणून. 'माझा भाऊ मॅनेजर' म्हणत नणंद सगळ्या मोहल्ल्यात मान वर करून फिरली होती, आणि मीही काही कमी मिरवले नव्हते. आज हे उघडं पडलं असतं तर या माणसाला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. रागावू की रडू, मला कळेना.

तेवढ्यात नणंद आत आली. परातीतला कांदा बोटांनी उचलून बघत म्हणाली, "या अल्ला! भाबी, एवढा बारीक कांदा कुणी चिरला हो?"

हे नळाखाली बोर्ड धूत होते. त्यांचे हात थांबले.

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही? तुमचा तर बोटाएवढा जाड असतो!"

"तुमच्या भावानं बोर्डच असे आणलेत," मी म्हटलं, "यावर कुणालाही जमतं."