उघडा टाका

पिवळ्या लोकरीचं ते अर्धं टोपडं मी सकाळी कुकर होईपर्यंत विणलं आणि आमच्या क्रोशाच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला. माझ्या भाचीला, नेहाला, आठवा महिना लागलाय. "बाळ यायच्या आधी टोपडं करू नये गं," सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसले होते.

दुपारी ताईचा फोन आला. नेहाला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

तेव्हापासून टोपडं हातातच आहे. क्रोशाचं सगळं विणकाम एका उघड्या टाक्यावर उभं असतं. तो सुटून धागा ओढला गेला, की सगळं सरसर उसवतं. इतकी वर्षं विणतेय, पण त्याची भीती आज पहिल्यांदा वाटली. ग्रुपवर अजून ‘किती गोड!’ येतंय आणि दर वेळी मी फोन पालथा ठेवते. फोटो काढून टाकू? उसवून टाकू? पण उसवणं तर त्याहून अशुभ.

सासूबाई शेजारी येऊन बसल्या. आता बोलणार, असं वाटलं.

"उसवू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "टाका धरून ठेव." आणि टाक्यावरच्या माझ्या बोटावर त्यांनी आपलं बोट घट्ट दाबलं.

फोन वाजला. तो उचलायला दोघींपैकी एकीलाही हात सोडवेना.