कॅमेऱ्यातला पप्पा

“हिचे पाय आले पाहिजेत हां काका,” कोमल म्हणाली. “बाकी फोटो कसाही येऊ दे.”

‘कसाही’ हा शब्द माझ्यापुढे उच्चारू नये. चाकणच्या एका कंपनीत मी इन्स्पेक्शनला होतो. दुसऱ्यांनी बनवलेल्या पार्टमधल्या खोडी काढायच्या, हेच काम. व्हीआरएस घेऊन निगडीतल्या फ्लॅटच्या हॉलमध्येच लहान मुलांच्या फोटोंचा स्टुडिओ थाटला, तेव्हा बायको म्हणाली, “बरं झालं, आता स्वतःच्या खोडी दिसतील.” दिसतात. रोज दिसतात.

कोमल चाकणजवळच्या गावातून सासऱ्यांना, तात्यांना, घेऊन आली होती. कडेवर आरू. गणेश, म्हणजे आरूचा बाप, याला त्याच्या कंपनीने मेक्सिकोच्या प्लांटवर पाठवलेलं. तो गेला तेव्हा आरू पालथीही पडत नव्हती. आता ती घरभर चालत होती आणि ते त्याने पाहिलंच नव्हतं.

“व्हिडिओ कॉलवर दिसत असेल की,” मी म्हणालो.

“कुठलं! फोन दिसला की ही जाऊन चिकटते त्याला. त्यांना नुसतं कपाळ दिसतं, नाहीतर नाकपुड्या. म्हणाले, एक फोटो असा पाठव, पोरगी तिच्या पायांवर उभी दिसली पाहिजे. रूमवर लावायचाय.”

कंपनीतला एक जण दुसऱ्या दिवशी तिकडे निघणार होता. फ्रेम त्याच्या बॅगेतून जायची होती. म्हणजे काय ते आजच.

मी आधी माझा लाडका पडदा लावला. फुगे, ढग, इंद्रधनुष्य. त्याच्या चकचकीत फ्लेक्सवर फ्लॅश पडला आणि आरूच्या डोक्यामागे दुसरा सूर्य उगवला.

“वाढदिस हाय का कुनाचा?” तात्यांनी विचारलं.

पडदा उतरवला. राखाडी कापड लावलं, तर त्याच्यावर घड्यांच्या रेघा. बायकोने इस्त्री फिरवून दिली, बरोबर माझ्याकडे एक नजरही टाकली. मग सावलीचा घोळ. मूल पडद्याला टेकून उभं राहिलं की त्याची सावली मागे उमटते, जुळ्या भावंडासारखी. त्याला पडद्यापासून चार पावलं पुढे घेतलं की ती जमिनीवर पडते आणि फोटोतून जाते. जमिनीवर खडूने फुली मारली. सॉफ्टबॉक्स, म्हणजे तोंडावर पांढरं कापड ताणलेला मोठा दिवा, त्या फुलीवर रोखला. दुसऱ्या बाजूने थर्माकोलची शीट उभी केली, म्हणजे दुसरा गालही उजळतो. सगळं चोख. आरूला फुलीवर उभं केलं आणि आमच्या धंद्यातला ठरलेला प्रश्न विचारला.

“आरू, कॅमेऱ्यात कोण आहे?”

बाकीची मुलं ‘चिऊ’ म्हणतात. आरूचा चेहरा असा उजळला की माझे दिवे फिके पडले.

“पप्पा!”

आणि ती निघाली. फुली सोडून, प्रकाश सोडून, सरळ माझ्याकडे. लेन्सला ओठ लावले तेव्हाच थांबली. माझ्या कॅमेऱ्यात फक्त एक धूसर कपाळ आलं होतं.

“आमीच शिकवलं ना तिला,” तात्या ओशाळून म्हणाले. “फोनमंदी पप्पा हाय म्हनून. काच दिसली की तिला वाटतं, त्यो ह्यातच ऱ्हातो.”

पुन्हा फुली, पुन्हा प्रश्न, पुन्हा लेन्सवर लाळ. मी प्रश्न विचारणं बंद केलं, तर कॅमेरा बघूनच ती यायला लागली. शेवटी ती स्टँडला वळसा घालून मागे आली. कॅमेऱ्याच्या पाठीमागे बघितलं. तिथे माझं पोट होतं. तिने वर बघितलं, पुन्हा पोटाकडे बघितलं आणि भोकाड पसरलं.

कोमल खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

“सूनबाई, मी धरतो तिला मागून,” तात्या म्हणाले. “काय व्हतंय?”

“नको तात्या. कुणी धरलेली नको. तिची ती उभी पाहिजे.”

बायकोने चहा टाकला. आमचा निखिल कॅनडात आहे. आम्ही फोन असा धरतो की त्याला बहुतेक वेळ सीलिंग फॅनच दिसतो. तो बिचारा फॅनला ‘जेवलात का’ विचारतो. त्यामुळे कोमलला ‘एवढं काय’ असं म्हणायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती.

चहा पिताना मला लाइन आठवली. कंपनीत कन्व्हेयरवरून पार्ट सरकत यायचे. ते कुणासाठी थांबत नसत. म्हणून तिथे दिवा एका जागी नसायचा, लाइनभर ट्यूबलाइट असायच्या. आणि इथे मी चालत्या पोरीला फुलीवर थांबवत बसलो होतो.

“सोफा हलवायचा,” मी जाहीर केलं.

“इतकी वर्षं काय तपासलंत हो?” बायको म्हणाली, पण सोफ्याचं दुसरं टोक तिनेच उचललं.

सॉफ्टबॉक्स आणि कोपऱ्यातला जादा दिवा, दोन्हींची तोंडं छताकडे केली. छत पांढरं असलं की तेच मोठा दिवा होतं. उजेड वरून सगळीकडे सारखा झिरपतो. राखाडी कापड पार पलीकडच्या भिंतीवर नेलं. मूल पडद्यापासून जितकं लांब, तितका पडदा धूसर, घड्याबिड्या सगळ्या माफ. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पालथा झोपलो, म्हणजे कॅमेरा तिच्या उंचीला येतो. माझ्या पोटामुळे मी होडीसारखा डुलत होतो. तात्यांनी पाय दाबून धरले.

आरू पलीकडच्या टोकाला उभी होती, गालांवर पाणी सुकलेलं. पुन्हा तोच प्रश्न विचारायचं माझ्या जिवावर आलं. मी कोमलकडे बघितलं.

“विचारा काका,” ती म्हणाली.

“आरू, कॅमेऱ्यात कोण आहे?”

ती थोडी थांबली. मगाशी फसलेली होती. मग दोन्ही हात वर करून निघाली. मी बटण दाबतच राहिलो. ती आली आणि लेन्सच्या काचेवर हलकेच थोपटलं, झोपलेल्या माणसाला उठवावं तसं.

मधला एक फोटो निवडला. आख्खी पोरगी, डोक्यापासून पायापर्यंत, एक पाय उचललेला. फ्रेम वेळेत गेली.

पुढच्या आठवड्यात मेक्सिकोहून फोन आला.

“काका, गणेश बोलतोय. फोटो लावला भिंतीवर. एवढी हसत कुणाकडं चाललीय ती?”

मी आमच्या धंद्यातली युक्ती समजावून सांगणार होतो. पण म्हणालो, “तुझ्याकडेच रे.”

तो फोन घेऊन भिंतीजवळ गेला असावा.

“काका, उजवा पाय जरा आत टाकते का ओ ती?”

माझा इन्स्पेक्शनचा डोळा. मी ते तेव्हाच टिपलं होतं, फक्त कुणाला बोललो नव्हतो.

“टाकते.”

“मी पण टाकतो,” तो म्हणाला. आणि मग हसला की आणखी काय केलं, ते एवढ्या लांबून नीट कळलं नाही.

या धंद्यात येणाऱ्यांना एवढंच सांगतो : मूल जिथे उभं राहावं असं तुम्हाला वाटतं, तिथे दिवा लावू नका. त्याला जिथे जायचंय, तिथपर्यंत उजेड ठेवा.