पितळी ताऱ्यांवरची खोळ

गाडीवर पितळी तारे दिसले की देवमनकाकांच्या अंगात यायचं. पिंपळगाव राजात त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून, त्यामुळे त्यांच्या शिव्या आम्हाला घरबसल्या मिळत. काका फौजेत एका ब्रिगेडियरसाहेबांचे ड्रायव्हर होते. साहेबांच्या गाडीला एकच तारा. गावातल्या पुढाऱ्याने मात्र हौसेने जीपला लाल पाटी ठोकून तीन तारे लावले आणि बॉनेटवर झेंडा खोचला. नवसाच्या बोकडाचं, कंदोरीचं मटण वाटण्यापलीकडे त्याने कुठली लढाई मारली होती, देव जाणे.

बाजाराच्या दिवशी जीप चौकात उभी होती. पुढारी चहाला गेलेला, ड्रायव्हर गजू आत बसलेला. काकांनी घरातून पहार आणली आणि थेट पाटीवर घातली. दुसऱ्या घावाला काच फुटली. भाजीवाल्या बाया टोपल्या टाकून पळाल्या. गजूने पाना उचलून काकांच्या खांद्यावर हाणला. हाड मोडलेलं मी ऐकलं. तोंडावर पडलेले काका रक्त थुंकत ओरडत होते, "मालक नाई गाडीत, मंग तारे उघडे काऊन ठेवले बे?"

असं का, ते त्यांनी मला दवाखान्यात सांगितलं. साहेब उतरले की झेंडा आणि तारे ताबडतोब खोळीने झाकायचे, हा फौजेचा नियम. एकदा सरहद्दीवर साहेबांना चौकीवर सोडून काका परत निघाले. थंडीने बोटं वळेनात, म्हणून खोळ घातली नाही. साहेबांच्या जागेवर स्वयंपाकी बसला होता. गोळ्या नेमक्या त्या जागेवर आल्या.

"अर्धं डोकं माह्या मांडीवर पडलं, बापू," काका म्हणाले. "गोयी ताऱ्याले पाहून येते. बसला कोन, ते नाई पाहत."

त्यांनी गजूची तक्रार केली नाही. त्याला बोलावून उशाखालची, फौजेपासून जपलेली काळी खोळ त्याच्या हातात कोंबली. "मले शिव्या द्याच्या त दे. पन मालक उतरला का पयले हे घाल."

पुढाऱ्याने नवी पाटी लावली. गजू मात्र खोळ घालू लागला, आणि झाकलेली पाटी म्हणजे मालक गाडीत नाही, हे गावाला कळून चुकलं.

निवडणुकीत वैर पेटलं. खामगाव रस्त्यावर विरोधकांची माणसं कोयते घेऊन दबा धरून बसली. अंधारात कोयते उगारून जीप अडवली, पाटीवर खोळ दिसली. "मालक नाई, जाऊ द्या," म्हणत त्यांनी ती सोडली. मागाहून भावाच्या गाडीतून आलेल्या पुढाऱ्याला त्यांनी खाली ओढलं. त्याचा हात मनगटातून गेला.

गजू धावत काकांकडे आला आणि घडलेलं सांगितलं. खांद्याची न भरलेली जखम चिघळून काका तापाने फणफणले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "बाजूच्या सीटवर कोन होतं?"

"माही माय. दवाखान्यातून आनत होतो तिले."

काकांनी त्याला छातीशी ओढलं आणि हंबरडा फोडला. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मलाही राहवलं नाही.

त्याच आठवड्यात काका गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मडकं गजूने धरलं.