तडकलेल्या पेरूचा डबा

लाकडाचा ओंडका समोर आला की अक्का आधी त्याला कान लावायच्या. एक बोट वर. म्हणजे आपण श्वाससुद्धा हळू घ्यायचा. मग निकाल यायचा, "थांब गं, अजून बोलून राहिलंय." वाळताना लाकूड आतून तडतडतं. ते गप्प झाल्याशिवाय अक्का त्याला पटाशी लावत नसत.

उदगीरला नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या शेजारी खोली घेतली. आमच्या घरातली पहिली बी.ए. मी. हे मी अक्कांना पहिल्याच दिवशी सांगितलं आणि त्यांनी ते गल्लीला सांगितलं. तेव्हापासून मी "बी.ए. बाई". त्यांचे मालक, म्हणजे यजमान, घरच्या लेथवर बाजेचे पाय कातायचे. ते वारल्यावर अक्कांनी ते छोटं लेथ मशीन विकलं नाही, स्वतःच चालवायला घेतलं. मोटर सुरू झाली की पदर कमरेला, नाकाला रुमाल, आणि रुमालाआडून तोंड चालूच.

चांगलं लाकूड त्या घेत नसत. वादळात पडलेली आंब्याची फांदी, बांधावरचं तोडलेलं जांभूळ, वखारवाल्यानं सरपणात टाकलेली बोर, सगळा तडकलेला माल त्यांच्या अंगणात. "सागवान कुणीबी कातंल," म्हणायच्या. "त्याला काय अक्कल लागती?"

गावाकडं आमच्या दारात पेरूचं झाड होतं. आईनं फाट्यावर बसून त्याचे पेरू विकले आणि मला कॉलेजात घातलं. ते झाड वाऱ्यानं पडलं, खोड मधोमध तडकलं. भाऊ म्हणाला, चुलीला होईल. आई त्या खोडावर बसून राहिली. "ह्याला जाळायचं न्हाई," एवढंच म्हणे. शेवटी फांद्या चुलीत गेल्याच. मी मात्र खोडाचा मांडीएवढा तुकडा एसटीत घालून अक्कांकडे आणला. आईला सांगून आले होते, ह्याचं काहीतरी करून आणते.

अक्कांनी कान लावला. "लई बोलतंय. तुझ्यावर गेलंय."

ओंडक्याच्या दोन्ही टोकांना त्यांनी मेण फासलं आणि तो परसातल्या सोयाबीनच्या भुसकटात पुरला. हळूहळू वाळला की तडा वाढत नाही, म्हणाल्या.

उन्हाळा सरला. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर परसात भुसकटाचा ढीगच नाही. अक्कांनी तो दुपारी म्हशीवाल्याला विकला होता, ओंडक्यासकट.

"अक्का! माझा पेरू?"

चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी चप्पल घातली. "त्याला फिरायची हौस आली. काढ गाडी."

स्कूटीवर मागं बसून त्या मला हाकत होत्या. "जल्दी चल गं, म्हशीनं खाल्ला तर?"

"म्हैस ओंडका खात नाही अक्का. मी म्हशी राखूनच बी.ए. झालेय!"

"मग जरा जोरात हाण की!"

गोठ्यात पेरू सापडला. लाकडी गव्हाणीचा एक पाय मोडला होता, त्याच्या जागी टेकू म्हणून आमचा ओंडका. म्हशीवाला म्हणाला, "भुसकटात आला, म्हंजे माझा. लई झकास बसलाय. न्हाई देत." आता आईला काय सांगायचं?

अक्का शेणात गुडघे टेकून बसल्या, गव्हाणीखाली डोकं घातलं आणि ओंडक्याला कान लावला. बोट वर. म्हशीवालाही गप्प. म्हैस मात्र त्यांचा पदर चाटून राहिली.

"गप झालंय," अक्का बाहेर येऊन म्हणाल्या. "आता कातायला पायजे. हे बघ भाऊ, तुझ्या गव्हाणीला चारी पाय नवे करून देते. कातीव. पलंगासारखी दिसंल."

"म्हशीला कातीव पाय?"

"मग! तालुक्यात कुण्या म्हशीला हायत?"

तो हसला, आणि तिथंच हरला. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर बघा, ती गव्हाण अजून नक्षीच्या पायांवर ऐटीत उभी आहे.

पेरूचा झाला झाकणाचा डबा, गुलाबीसर तांबूस. तडा पोटावरून तसाच उतरलेला. मी म्हटलं, लाख भरून बुजवा की. अक्का म्हणाल्या, "बुजवला तर तुझ्या आईला वळखू कसा यायचा?"

डबा न्यायला आई स्वतः उदगीरला आली. तिनं तड्यावरून अंगठा फिरवला. "केवढंसं झालं गं माझं झाड," म्हणाली.

"सुपारी ठेव. मोहरी ठेवू नको, सांडंल," अक्का म्हणाल्या. मग बोट वर करून त्यांनी डबा आईच्या कानाला लावला. "बघ, गप हाय का न्हाई?" दोघी तशाच बसल्या. माझा चहा उतू गेला तरी कुणी हललं नाही.

अक्का गेल्या त्याला आता वर्ष होईल. मशीन त्यांच्या मुलानं लातूरला नेलं.

त्यांचा अंदाज एवढा एकच चुकला. उन्हाळ्यात पत्रे तापले की आमच्या गावाकडच्या फळीवरचा डबा अजूनही मधूनच कट्‌ करून वाजतो. आई भाकरी थापायची थांबते. पिठाचं बोट वर करते.

"थांब गं," म्हणते, "अक्का बोलून राहिल्यात."