रंग मारलेलं यंत्र

"मेन कुठाय?"

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की त्याचा पहिला प्रश्न हा. चहा नंतर, पाणी नंतर, आधी मेन स्विच दाखवा. एकदा लग्नाच्या मांडवात त्यानं नवरदेवाच्या बापालाच हे विचारलं. त्या माणसाला वाटलं, हा लायटिंगवाला. तो म्हणाला, "मागं जा की, कामगारांचं जेवण तिकडंच हाय." हा गेला, मेन बघितला आणि तिकडंच जेवून आला.

फ्रिज असो, पंखा असो, नाहीतर लोखंडी दार, कशालाही तो आधी उलट्या हाताची बोटं टेकवायचा. करंट असला तर उलटा हात मागे उडतो, सुलट्या हातानं धरलं तर मूठ आवळते आणि सुटत नाही, असं तो सांगायचा. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याला सगळे हसतात. मीही हसायची.

आम्ही चादरीच्या एकाच कारखान्यात होतो. तो मागावर, मी कांड्या भरायला. धोट्यात जी सुताची कांडी बसते ती भरून द्यायचं माझं काम. तो तेलुगू घरातला, मला अक्का म्हणायचा. पुढे राहायलाही शेजारी आला. मधे एक भिंत, अंगण एकच.

पूर्वी तो असा नव्हता. मालकानं कुठूनतरी भंगारातले माग आणले. त्यांना हिरवा रंग मारला, नारळ फोडला आणि नवे म्हणून चालू केले. त्यातल्या एकावर याचा जोडीदार होता. तो सांगत होता, मागाला हात लावला की मुंग्या येतात. मालक म्हणाला, एवढं होतंच. एका दुपारी तो मागाला चिकटला. ओरडला नाही. नुसता थरथरत होता, आणि माग चालूच. हा दोन हात अंतरावर उभा होता, तोंड उघडं, जागेवरून हलला नाही. मी टोपली टाकून पळाले आणि भिंतीवरचा खटका ओढला. उशीर झाला होता.

त्यावर तो माझ्याशी एकदाच बोलला. म्हणाला, "अक्का, मेन कुटं हाय तेच मला म्हाईत नव्हतं."

त्याची बायको लवकर गेली. एक मुलगी, अंबिका. तिला घरी बसून कॉम्प्युटरवर करायची नोकरी लागली. दवाखान्यांची बिलं टाईप करायची, दिवसभर. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा पाहिजे आणि सोमवारच्या आत पाहिजे.

तिघं माझ्या उंबऱ्यावर बसलो. अंबिका बापाला म्हणाली, "जुना घेऊ, नान्ना. कंपन्या वापरून परत देतात. दुकानवाले आतलं खराब झालेलं बदलतात, पुसून नव्यासारखा करतात. निम्म्यात मिळतोय."

"म्हंजे रंग मारून," तो म्हणाला.

"रंग कशाला मारतील?"

"सगळे मारतात."

मी म्हणाले, "जुना घे. माझं शिलाई मशीन जुनंच हाय, अजून चालतंय. नव्याला पैसा कुठनं आणणार? छपराचे पत्रे बदलायला पैसे ठेवलेत, तेच मोडणार की."

"तुझं मशीन पायानं चालतंय, अक्का. हिचा हात दिवसभर त्या यंत्रावर राहणार. दिवसभर!"

त्याच्या कपाळावर घाम आला होता. सोलापुरात घामाचं कुणाला काही वाटत नाही, पण तो घाम उन्हाचा नव्हता.

शेवटी बघायला तरी जाऊ, असं ठरलं. मी कशाला येऊ, विचारलं तर म्हणाला, "तू चल. तुला खटका ओढता येतो." मला हसू आलं. मग आलं नाही.

दुकानात शिरल्याबरोबर, "मेन कुठाय?"

दुकानदार पोरगेला होता. म्हणाला, "काका, लॅपटॉप घ्यायला आला का मीटर बघायला?" पण बोट दाखवलं. काउंटरच्या मागे, कॅलेंडरशेजारी.

चांदीच्या रंगाचा एक लॅपटॉप त्यानं समोर ठेवला, वायर लावली. दिसायला कोरा करकरीत. अंबिकानं दोन्ही तळवे त्यावर टेकवले आणि टपाटप टाईप करायला लागली. चेहरा उजळला पोरीचा. यानं वाकून कडेला उलटी बोटं लावली.

"मुंग्या!"

असा ओरडला की रस्त्यावरची माणसं थांबली. आम्हाला कळायच्या आत तो काउंटरच्या मागे होता. स्टूल पडलं, कॅलेंडर फाटलं, मेन खाली आला. दिवे गेले, पंखे थांबले, शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं शिवी घातली. दुकानात अंधार झाला.

आणि त्या अंधारात लॅपटॉप चालूच होता. अंबिकाच्या तोंडावर त्याचा उजेड, हात अजून त्यावरच.

त्या वेळी मी त्याचं तोंड बघितलं. कारखान्यात बघितलेलंच तोंड. मेन पाडल्यावरही चालू राहणारं यंत्र त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. पण या वेळी तो नुसता उभा राहिला नाही. त्यानं पोरीला दंडाला धरून खुर्चीसकट मागे ओढलं. दोघं खाली पडले.

"नान्ना, बॅटरी असती आत! बॅटरीवर चालतोय तो!" ती रडायलाच लागली. लाजेनं असेल.

दुकानदार म्हणाला, "काका, बॉडी धातूची हाय. जरा मुंग्या आल्यासारखं होतं. एवढं होतंच."

तो उठला, धोतर झटकलं. "आमचा मालक पण असंच म्हणला होता," म्हणाला, आणि पोरीचा हात धरून बाहेर पडला.

मग नवाच घेतला, दुसऱ्या दुकानातून. पत्र्यांचे पैसे गेले.

सोमवारी सकाळी माझं दार वाजलं. तो उभा. तोंडावर राख फासल्यासारखा रंग. "अक्का," एवढंच आधी म्हणाला. मग म्हणाला, "नव्याला पण येतायत."

मी जाऊन बोट लावलं. खरंच येत होत्या. बारीक, कातडीच्या आतून काहीतरी चालल्यासारख्या. मी घाबरणारी बाई नाही, पण मी हात पदराला पुसला आणि परत लावला नाही. यानं पोरीला त्या खोलीत पाय टाकू दिला नाही. बॅटरी संपेपर्यंत ती माझ्या उंबऱ्यावर बसून काम करत होती.

वायरमन आला. त्यानं बोर्ड उघडला आणि हसला. "लॅपटॉपचा काय दोष न्हाई. तुमच्या खोलीला अर्थिंगच न्हाई. जुना घेतला असता तरी ह्येच, नवा घेतला तरी ह्येच."

मला पत्रे आठवले. त्याला आठवले नसावेत. तो वायरमनला विचारत होता, "मग आता करायचं काय?"

अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा घेतला. त्यात पाईप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, वायर खोलीत नेली. मुंग्या बंद झाल्या. जाताना वायरमन म्हणाला, "ओल धरून ठेवा. वाळलं की काम करणार न्हाई."

आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. बायका एकेका घागरीवरून भांडतात. आणि हा रोज सकाळी त्या खड्ड्यात तांब्या ओतायचा. समोरच्या बाईनं कोळसा आणि मीठ पुरताना बघितलं होतं. तिनं गल्लीभर केलं, यानं करणी पुरली. दुसरी म्हणाली, छे, देव निघालाय, म्हणून तर पाणी घालतोय. एका शुक्रवारी पाईपला हळद-कुंकू लागलेलं आणि वर झेंडूचं फूल. हा बोंबलत बाहेर आला, "कुणी हात लावला? लोखंडाला कुणी हात लावला?" त्यामुळे करणीवाल्या बाईची खात्रीच पटली.

"लेकराला आंघोळीला पाणी न्हाई आणि भुईला पाजतोस," मी म्हणायची.

"लेकरालाच पाजतोय, अक्का," तो म्हणायचा. त्या पावसाळ्यात त्याच्या अंथरुणाशेजारी तीन पातेली मांडलेली असायची, पत्रे गळायचे म्हणून. अंबिकाच्या टेबलावर मात्र त्यानं ताडपत्री बांधली होती.

या उन्हाळ्यात तो गेला. छातीत कळ आली, रिक्षात घातला, पोचेपर्यंत संपला. विजेशी काही संबंध नव्हता. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, अंबिका कामाला बसली. मीही माझ्या कामाला लागले. आपल्या वयाला माणसं जातातच.

परवा दुपारी ती माझ्या दारात आली. लॅपटॉप छातीशी धरलेला, वायर लोंबत होती.

"अक्का, परत मुंग्या येतायत."

आम्ही दोघी अंगणात गेलो. खड्ड्याची माती तडकली होती, भेगेत बोट जाईल एवढी. इतक्या दिवसांत पाणी घालायचं तिच्याही ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही. मी प्यायच्या पाण्याची घागर आणली आणि ओतली. पाणी वर ठरलंच नाही, सूं करत आत गेलं. दुसरी ओतली, तीही गेली. तिसरी वर थोडी थांबली.

अंबिका खोलीच्या दारात उभी होती, पिन हातात धरून, बोर्डाकडे बघत.

"अक्का, घालू?"

घाल म्हणणारा एकच माणूस होता. मी रिकामी घागर धरून उन्हात उभी राहिले. ती माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या तोंडातून हो निघेना.