पहिल्या अंकातलं वाक्य

आधीच सांगते, असल्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं. रामदासपेठेत माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. काचेच्या पट्टीवर जे दिसतं त्यावरच सही करायची, हा आयुष्यभराचा शिरस्ता. या पेजवरचे गूढ अनुभव वाचून मी स्वतः "जेवण जरा हलकं घेत जा" अशा कमेंट्स टाकल्या आहेत. तेव्हा आज माझी खेचलीत तर तो तुमचा हक्क आहे. पण हे घडलं भर सकाळी, साडेअकराच्या सुमारास... आणि मी स्वतः तिथे उभी होते.

शहराच्या टोकाला, बेसाकडे एक मंगल कार्यालय चालत नव्हतं म्हणून बंद पडलं होतं. आमच्या हौशी नाट्यमंडळाने ते भाड्याने घेऊन तिथे छोटं थिएटर केलं. मी मंडळाच्या कार्यकारिणीवर. पगार नाही, पण खुर्च्या पुसण्यापासून ठराव लिहिण्यापर्यंत सगळं अंगावर. प्रयोगाआधी रंगमंच तपासायचा आणि यादीवर खुणा करून सही करायची, हेही माझ्याकडेच.

आमचे प्रॉम्प्टर बंडूभाऊ. उमरेडचे, विणकर घरातले, वय पंच्याहत्तरीच्या पुढे. डाव्या विंगेत स्टुलावर संहिता घेऊन बसायचे आणि त्यांची एक ठरलेली रीत होती. नट अडला की विंगेच्या प्लायवर नखाने दोनदा टकटक, मग वाक्याचे फक्त पहिले दोन शब्द. तिसरा शब्द कधीच नाही. "दोन शब्दांत नाही आठवलं, तर पाठच नाही झालं तुमचं," असं वर ऐकवायचे. माझी धाकटी बहीण नीता बारा वर्षं मंडळाच्या नाटकांत काम करते. ती टकटक कानावर पडली की तिचं अंग आपोआप हलतं, डोकं नंतर चालतं.

मागच्या एका प्रयोगात मात्र बंडूभाऊंनी दुसऱ्या अंकात पहिल्या अंकातलं वाक्य दिलं. नट गोंधळला, प्रेक्षक हसले. कार्यकारिणी बसली. वय झालं त्यांचं, यापुढे प्रॉम्प्टर नकोच, असं ठरलं. ठराव मी लिहिला आणि सवयीने मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून दिला... त्याच ग्रुपमध्ये बंडूभाऊही होते! आधी त्यांना फोन करावा, हे आमच्या एकाही शहाण्याला सुचलं नाही. दहा मिनिटांनी ते ग्रुपमधून बाहेर पडले. नीता महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. मनातून मलाही लाज वाटत होती. पण मी सगळ्यांना म्हणत राहिले की पद्धत चुकली असेल, निर्णय बरोबर आहे.

हे घडलं त्या रविवारी संध्याकाळी नव्या नाटकाचा प्रयोग होता. त्याच्या सुरुवातीच्या तालमींना संहिता घेऊन बंडूभाऊच बसले होते. सकाळी रंगीत तालीम. मी यादी हातात घेऊन डाव्या विंगेत उभी. दुसरा अंक चालू. नीता एकटीच, मधल्या खुर्चीवर, तिचं मोठं स्वगत. वर लाइट्स टांगलेला आडवा बार. दिग्दर्शक समोर बसलेला.

नीता मध्येच थांबली. ती अडली नव्हती, श्वास घ्यायला थांबली होती, असं नंतर तिने मला शपथेवर सांगितलं.

आणि माझ्या खांद्याजवळ... टक् टक्.

मी वळले. कोणी नव्हतं. मागे भिंत, पुढे प्लाय, मध्ये मी. हातभर अंतरावरून आवाज आला — "दादा, दार..."

तोच आवाज. तोच दबका, घशातला. माझ्या हातातली यादी खाली पडली.

"दादा, दार लावू नकोस!" हे नीताचं वाक्य, पण पहिल्या अंकातलं. ते दाराशी उभं राहून म्हणायचं असतं. नीता ताडकन उठली, थेट उजवीकडच्या दाराशी गेली आणि वाक्य म्हणून मोकळी झाली.

"नीता, काय करून राहिली तू? हे पहिल्या अंकातलं..." दिग्दर्शकाचं बोलणं तिथेच तुटलं. वरचा मोठा लाइट धाडकन खुर्चीवर आला. पाठ मोडली खुर्चीची. काचा माझ्या पायापर्यंत आल्या.

लाइट बारला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट सैल झाला होता. लाइट सुटला तरी लटकून राहावा म्हणून जी साखळी असते, ती लावलेलीच नव्हती. माझ्या यादीत त्या ओळीपुढे बरोबरची खूण होती... शिडी न चढता, खालूनच केलेली. माझी बहीण मेली असती, माझ्या सहीने.

प्रयोग रद्द केला. दिग्दर्शक म्हणाला, टकटक त्याने ऐकली, पण त्याला वाटलं मीच केली. शब्द ऐकले ते फक्त मी आणि नीताने.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी उमरेडला गेलो. बंडूभाऊ हातमागावर बसले होते. नीताला बघून उठले.

"काय वं पोरी, बरी आहेस न?" म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. जरा जास्तच वेळ.

मी आधी माफी मागितली. "सोडा न बाई," एवढंच म्हणाले. मग मी विचारलं, काल सकाळी कुठे होतात?

उत्तर त्यांच्या सुनेने दिलं. "कुठं जातील? इथंच होते. साडेअकराच्या सुमाराले माग थांबवून एकटेच बोलून राहिले होते. मी म्हटलं, मामाजी, कोणाशी बोलून राहिले?"

"काही नाही जी," बंडूभाऊ ओशाळले. "वाटलं, पोरगी अडली. तोंडातून निघून गेलं, ‘दादा, दार’."

नीताने माझं मनगट घट्ट धरलं.

"भाऊ," मी म्हटलं, "तेव्हा दुसरा अंक चालू होता."

त्यांची मान खाली गेली. "मंग बरोबरच केलं न तुमच्या कमिटीनं. मले आता अंकच समजत नाही."

लाइटचं त्यांना अजून कोणी सांगितलंच नव्हतं. नीताने रडत रडत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुनेला आमच्यासाठी चहा ठेवायला सांगितला.

स्पष्टीकरण मी खूप शोधलं. प्लाय उन्हाने तडकतो, मान्य. मनात अपराधी भावना असली की आवाज ऐकू येतात, तेही मान्य. पण दोघींना, एकाच क्षणी, तेच दोन शब्द? आणि चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर सुनेसमोर भाऊंच्या तोंडीही? नीता म्हणते, भाऊंनी वाक्य मुद्दाम चुकीचं दिलं. भाऊ म्हणतात, चुकलं. मला काहीच सांगता येत नाही, आणि अशा कागदावर सही कशी करायची तेही कळत नाही.

ठराव आम्ही एकमताने मागे घेतला. या वेळी मी स्वतः उमरेडला जाऊन सांगितलं, भाऊ, परत या. त्यांनी आडवा धागा फेकायचा धोटा हातात घेतला, माग सुरू केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकदा चूक कामात आली बाई. दर खेपेले थोडीच येते?"