भावाची गाडी, माझी शेड

धाकटा भाऊ परदेशी जाताना त्याची गाडी माझ्याकडे ठेवून गेला, तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला होता. फक्त मला झाला नव्हता. पण ते मी कुणाला बोलले नाही. बोलणार तरी काय? बहिणीवर एवढा विश्वास टाकतो म्हणून लोक त्याचं कौतुकच करत होते.

आर्णीत माझं दुकान आहे, ब्लाउजपीस, अस्तर, फॉल वगैरेचं. नवरा शाळेत शिकवतो. याडी, म्हणजे माझी आई, बा म्हणजे वडील गेल्यापासून आमच्याकडेच राहते. तांड्यावरचं घर बंद असतं. तिची मधूनमधून तिकडे एक चक्कर होते, तीही माझ्या स्कूटीवर मागे बसून.

बांची काळी-पिवळी जीप होती. आर्णीहून घाटंजी आणि घाटंजीहून पांढरकवडा. सवाऱ्या आत बसत, टपावर बसत आणि मागे लटकतही असत. रविवारी जीप धुवायचं काम आम्हा दोघा भावंडांचं. मी चाकं घासायची आणि भाऊ स्टिअरिंगवर बसून तोंडानं हॉर्न वाजवायचा. त्याचे पाय पेडलपर्यंत पोचायला लागले त्याच वर्षी, तूर निघाल्यावर मोकळ्या झालेल्या वावरात, बांनी त्याला जीप शिकवली. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाण्याची कॅन धरून उभी होते. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. मलाही शिकवा म्हटलं तर बा हसले आणि त्यांनी याडीकडे पाहिलं.

पुढे मी गाडी शिकले ती लग्नानंतर, नवऱ्यानं घेतलेल्या जुन्या छोट्या गाडीवर. तो शेजारी हँडब्रेकवर हात ठेवून बसायचा. तो हात त्यानं काढला, त्याला बरीच वर्षं लागली.

भाऊ इंजिनीअर होऊन पुण्याला गेला. मागच्या दिवाळीत तो ही गाडी घेऊन पहिल्यांदा आला. काळपट निळी आणि एवढी लांब, की आमच्या गल्लीत वळवताना शेजाऱ्यांनी आपली दुचाकी उचलून बाजूला ठेवली. विजेवर चालायची आणि वीज संपली की पेट्रोलवर. घरच्या प्लगला लावून चार्ज करता यायची. भाऊ जवळ गेला की दाराच्या मुठी आपोआप बाहेर यायच्या, सीट मागे सरकून त्याला जागा करून द्यायची, आरसे त्याच्या डोळ्यांच्या हिशोबानं हलायचे. मी जवळ गेले तर काहीच झालं नाही. किल्ली त्याच्या फोनमध्ये होती, त्यामुळे होणारही नव्हतं. तरी मला ते लागलं.

याडीला त्यानं पुढे बसवलं. सीट तिची पाठ दाबून द्यायला लागली, तशी ती डोळे मिटून बसली. माझ्या गाडीत तिला मळमळतं. दर वेळी लिंबू हुंगत, खिडकीत तोंड घालून येते. त्या दिवशी ती तांड्यापर्यंत गेली, तिथून पुन्हा आर्णीला आली, तेवढ्यावरही भागलं नाही म्हणून आणखी एक चक्कर मारून आली, आणि एकदाही लिंबू मागितलं नाही. गाडीला हिंदीत सांगितलं की ती गारवा वाढवायची, गाणं लावायची. याडी तिच्याशी आमच्या गोरबोलीत, बंजारा भाषेत बोलली, तेव्हा गाडीला काही कळेना. भाऊ हसून म्हणाला, पुढच्या अपडेटमध्ये शिकेल ती. सगळे हसले. मी चहा टाकायला आत गेले.

मग त्याला कंपनीनं काही महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं. गाडी उभी राहून खराब होईल, तुमच्याकडे शेड आहे, मोकळी जागा आहे, असं तो म्हणाला. इलेक्ट्रिशियन आणून त्यानं शेडमध्ये जाड वायर टाकून घेतली, वेगळा प्लग बसवला, अर्थिंग नीट करून घेतलं. माझ्या फोनमध्येही गाडीची किल्ली टाकून दिली. मी दार उघडून बसले तर पडद्यावर माझ्यासाठी एकच शब्द आला, पाहुणा. त्या खात्यावर त्यानं वेगाची हद्दही घालून ठेवली होती. तिच्यापुढे गाडी जाणारच नाही.

"तुले सवय नाई ना बाई एवढ्या ताकदीच्या गाडीची," तो म्हणाला. अगदी प्रेमानं म्हणाला. ज्याला मी सायकल शिकवली, गुडघे फुटले तेव्हा हळद लावली, तो मला हे सांगत होता.

आठवड्यातून एकदा मी ती फिरवायची, पुसायची, प्लगला लावायची. आमची गाडी त्या शेडमधून बाहेर निघाली आणि गल्लीत कडुनिंबाखाली उभी राहायला लागली. तिच्यावर पाखरं घाण करायची.

एकदा सकाळी पडद्यावर अपडेट आल्याचं दिसलं. भावाचा लगेच फोन आला. होय म्हण, मग गाडीला हात लावू नको, झालं की ती स्वतःच सांगेल. झालं तेव्हा त्यानं परत फोन करून सगळं समजावून दिलं. मोटारीचा जोर वाढला होता. चार्जिंग लवकर व्हायचं, बॅटरी आधीपेक्षा लांब पुरायची. नकाशा नवा आला होता. आणि आता त्याला तिकडे बसून गाडीच्या सगळ्या कॅमेऱ्यांतून बघता येत होतं, पाहुण्याची हद्दही तिकडूनच कमीजास्त करता येत होती. लेकराला दात आल्यासारखा तो सांगत होता. मी हो, हो म्हणत राहिले. आमची गाडी घेतल्या दिवसापासून रोज थोडी थोडी जुनी होत आली होती. त्याची गाडी माझ्या शेडमध्ये उभ्या उभ्या नवी होत होती, तीही माझ्याच हातानं बटण दाबून.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मारेगावहून निरोप आला, मावशी अंगणात घसरून पडली, पायाला प्लास्टर घातलंय. याडी म्हणाली, मला घेऊन चल. मी आमच्या गाडीची किल्ली उचलली.

"बाबूच्या गाडीत जाऊ," ती म्हणाली. भावाला आम्ही घरात बाबू म्हणतो. "तुह्या गाडीत मले मळमळते."

नवरा शाळेत गेला होता. आम्ही दोघीच निघालो.

रस्ता बांच्या जीपचाच होता. घाटंजीच्या अलीकडे एका वळणावर बा चहाला थांबायचे. आता तिथे टपरी नाही, टायर पंक्चरचं दुकान आहे. याडीनं ते वळण ओळखलं. कापूस वेचणाऱ्या बाया रस्त्याच्या कडेला गाठोडी घेऊन उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघत ती बसली. गाडी विजेवर होती, आवाज नव्हताच. बहुधा म्हणूनच ती बोलली. माझ्या गाडीत एवढं हळू बोललेलं ऐकू आलं नसतं.

"तुहे बा पहिले तुलेच शिकवणार होते जीप," ती म्हणाली.

मला वाटलं, ती काहीतरी विसरतेय. मी म्हटलं, मला नाही, बाबूला शिकवली.

"त्याले मंग शिकवली. पहिले तुह्यासाठीच म्हणत होते. पोरीचा हात स्थिर हाय म्हणे. मीनंच नाई म्हटलं."

मी विचारलं, काहून. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

"तांड्यातले लोक बोलतीन, असं त्यायले सांगतलं," याडी म्हणाली. मग चष्मा काढून हातात घेतला. "ते काई खरं नव्हतं. बाबू त जाणारच होता, ते दिसतच होतं. तुले गाडी आली असती त तूबी गेली असती. मंग माह्याजवळ कोण राह्यलं असतं?"

तिनं हे मला दुखवायला सांगितलं नव्हतं. माफी मागायलाही नव्हतं सांगितलं. सीट पाठ दाबत होती, रस्ता ओळखीचा होता, म्हणून सांगितलं. इतकी वर्षं मी बांवर रुसून होते आणि भावावर जळत होते. त्या दोघांनी तर माझं काही घेतलंच नव्हतं. जिनं घेतलं ती शेजारी बसून ओढणीच्या टोकानं चष्मा पुसत होती, आणि तिच्यावर रागवावं तर आता ती एवढीशी झाली होती.

पांढरकवडा ओलांडून आम्ही नागपूर-हैदराबाद हायवेला लागलो. समोर ट्रकच ट्रक. मी डावीकडची लेन सोडली आणि पाय दाबला. गाडी उसळून पुढे गेली, ट्रक मागे पडत गेले, आणि मग एका जागी जोर थांबला. टुंग टुंग वाजायला लागलं. हद्द आली होती. मी पाय आणखी दाबला, तरी गाडी पुढे जाईना.

तेवढ्यात गाडीतच फोन वाजला आणि भावाचा आवाज सगळीकडून आला. तिकडे नुकतं उजाडलं असणार.

"बाई, काय झालं? मले इथं दिसून राह्यलं, तू लई दाबून राह्यली."

याडी त्याच्या आवाजाकडे तोंड करून म्हणाली, आम्ही बऱ्या आहोत, मारेगावले जातोय. आणि मला म्हणाली, भाऊ सांगतो ते ऐक.

"बाबू, ही हद्द काढ," मी म्हटलं.

"काहून?"

"काढ म्हटलं ना."

असा आवाज त्यानं माझ्याकडून लहानपणी ऐकला असेल, जीपच्या टपावर चढला होता तेव्हा. नंतर नाही. मला वाटलं तो समजावेल, याडी बसलीय, हायवे आहे, असं काहीबाही म्हणेल. तो म्हणाला, "हळू जा." फोन ठेवला आणि पडद्यावरून हद्दीची खूण गेली.

पुढे रस्ता सरळ होता, मोकळाही. मी दाबलं. डोकं सीटला चिकटलं. याडीनं वरची मूठ दोन्ही हातांनी धरली. तो नवा जोर म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी ओरडले असते, पण ओरडायला श्वास उरला नव्हता. मग करंजीची पाटी दिसली, तिथून मारेगावला वळायचं होतं. मी पाय काढला. याडीनं मूठ सोडली आणि डोक्यावरची ओढणी नीट केली.

मावशीकडे पोचलो तर गल्ली जमा झाली. याडी खाटेवर मावशीजवळ बसून सगळ्यांना सांगत होती, लेकाची गाडी आहे, पाठ दाबून देते, उलटी होत नाही. चालवत कोण आलं ते कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. मी मावशीच्या सुनेबरोबर भाकरी थापायला बसले आणि एक भाकरी जाळली.

त्या संध्याकाळी भावाचा पुन्हा फोन आला. गाडीबद्दल त्यानं काही विचारलं नाही. तिकडे खोलीवर एकटाच असतो, म्हणाला. तिकडे पहाटेच जाग येते, तेव्हा गाडीच्या मागच्या कॅमेऱ्यातून आमचं अंगण बघतो. याडी तुरीच्या शेंगा सोलताना दिसते, मी दुकानाला निघताना दिसते.

"मले तिथं बसावं वाटते, बाई," तो म्हणाला. "तू रोज असते याडीजवळ."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला वाटलं, बघ, त्याला दुःखसुद्धा परदेशात बसून करता येतं. आणि हा मला रोज सकाळी बघतो, गाऊनवर, केस न विंचरलेली, आणि मला पत्ताही नाही. दुसऱ्या दिवशी मी गाडीवर जुनी ताडपत्री टाकली. धूळ बसते म्हणून, असं नवऱ्याला सांगितलं. भावानं काही विचारलं नाही.

याडीनं विचारलं. तिला कुठून कळलं कोण जाणे, बहुतेक त्यानंच फोनवर सांगितलं असेल. ती म्हणाली, "त्याले आपलं अंगण दिसत नाई आता." मी म्हटलं, नाही दिसलं तर नाही. आणखी काही दिवस तसेच गेले. मग एका सकाळी बघते तर याडी स्वतःच ताडपत्रीचं एक टोक धरून ओढत होती. तिच्यानं ती निघत नव्हती. मी दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी घडी घातली. मी आत जाऊन केस विंचरून आले.

तो परत यायचा त्या दिवशी मी त्याची गाडी घेऊन नागपूरला विमानतळावर गेले. याडीही आली, पुढे बसली. तो बारीक झाला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. बॅगा मागे टाकून तो सवयीनं माझ्या बाजूच्या दाराशी आला आणि उभा राहिला. मी काच खाली केली. उतरले नाही.

"मी चालवतो ना, तू थकली असशीन," तो म्हणाला.

"मागं बस," मी म्हटलं.

याडी समोर बघत बसली. तो मागचं दार उघडून बसला. वर्ध्याच्या अलीकडेच त्याला झोप लागली. आरशात बघितलं तर तोंड उघडं, मान एका बाजूला, पाय सीटवर घेतलेले. बांच्या जीपमध्ये तो असाच झोपायचा, आणि मी जागी राहून सवाऱ्यांचे पैसे गोळा करायची. आजही त्याला असं कुठेही बिनघोर झोपता येतं, मला येत नाही, याचाही मला हेवा वाटला.

यवतमाळच्या घाटात याडी हळूच म्हणाली, गारवा कमी कर, बाबूले थंडी वाजत असन. मी आधी तिच्या बाजूचा कमी केला, मग माझा, आणि शेवटी मागचा.